भिंतीतला पिंपळ

वैशाख लागला की पिंपळ चुगली करतो. वर्षभर तो भिंतीत लपून असतो. पावसाळ्यात सगळंच हिरवं, त्यात तो हिरवा. थंडीत धुळीनं सगळंच करडं, त्यात तो करडा. पण ह्या दिवसांत त्याला कोवळी पालवी फुटते, चिंचेनं घासलेल्या तांब्याच्या रंगाची, आणि काळ्या पडलेल्या भिंतीवर ती दुपारच्या उन्हात अशी चमकते की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसावी. दिसते. बघतो कोण?

मी बघतो. परवा मुलुंडला पाच रस्त्याच्या पुढे एका बंद इमारतीखाली मान वर करून उभा होतो. तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर दोन पानं. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न मारला.

"ओ काका, बाजूला व्हा ना. वर काय बघताय?"

"पिंपळ."

त्यानं मान बाहेर काढून वर बघितलं. "मग?"

ह्या "मग"चं उत्तर द्यायला मला एक आयुष्य लागलं. रिक्षावाल्याला कुठे तेवढा वेळ. मी बाजूला झालो.

मी गवंडी. वय अठ्ठ्याहत्तर. शाळा तिसरीपर्यंत, तीही देवगडकडच्या एका गावात, जिथे आंब्याच्या दिवसांत मास्तरच यायचे नाहीत. कागदावरचं मी अजून बोट ठेवून वाचतो. पण भिंत मला वाचता येते. ही बढाई वाटली तर वाटू दे, हक्काची आहे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत माझ्या हातच्या भिंती उभ्या आहेत, आणि त्यांच्या आत राहणाऱ्यांना माझं नाव ठाऊक नाही. त्याचं मला काही नाही. भिंतीला ठाऊक आहे.

गुडघे गेले तेव्हा काम सुटलं. तेव्हापासून मी ओसाड इमारती बघत हिंडतो. बंद कारखाने, कुलूप लागलेले बंगले, सरकारी क्वार्टर. नवीन टॉवर मला बघवत नाहीत, त्यांना काच लावून तोंड झाकलेलं असतं. ओसाड इमारतीचं प्लास्टर गळतं आणि आतली वीट उघडी पडते. मग तिच्याशी बोलता येतं.

लोकांना वाटतं म्हातारा भुतांच्या नादी लागला. माझी बायको इंदू तर उघडच म्हणते, "अहो, जित्या माणसांच्या घरी जा कधीतरी. भाचीकडच्या बारशाला पाय दुखतात, आणि पडक्या कारखान्यात तीन जिने चढता."

"जिता माणूस खोटं बोलतो," मी म्हणतो.

"आणि भिंत?"

"भिंत एकदाच खोटं बोलते. प्लास्टर असेपर्यंत."

घाटकोपरला एक बंद कारखाना आहे. तिथला रखवालदार आता मला ओळखतो, पाणीही देतो. आत जेवणाची मोठी खोली आहे. एका भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर सिमेंटचं लांबलचक कुंड बांधलंय, हात धुवायला, त्यावर नळांच्या जागी नुसती भोकं. कुंडाच्या कडेवर ओळीनं खळगे पडलेत. जेवायच्या सुट्टीत शंभर माणसं रोज त्याच जागी हात टेकून उभी राहिली, त्याचे ते खळगे. माझे हात त्यांत ठेवले तर बरोबर बसतात. आरे कॉलनीत गुरांचे रिकामे गोठे आहेत. तिथे गव्हाणीची कड म्हशींच्या मानांनी घासून अशी गुळगुळीत झालीय की तशी घोटाई मला गवंड्याची करणी घेऊनही जमली नाही. गोठ्याबाहेर पाड्यावरच्या बायका पानाच्या द्रोणात करवंदं विकत बसतात. मी करवंदं खात त्या कडेवरून हात फिरवत बसतो. ह्याला कोण वेडेपणा म्हणत असेल तर त्यानं आधी हात फिरवून बघावा.

आणि मनोरीचा तो बंगला. मार्व्याहून बोटीनं गेलं की किनाऱ्याजवळ, सुरूच्या झाडांत. लोक सांगतात, भावांच्या भांडणात बंद पडला. मी दोन वेळा गेलो, तिसऱ्यांदा विहिरीत बादली टाकली. पाणी खारट. विहिरीच्या आतल्या दगडांवर पांढरं मीठ चढलेलं. भांडणं नंतर झाली असतील. आधी पाणी गेलं. चहाच करता येत नाही त्या घरात कोण राहणार?

म्हणून मी म्हणायचो, आणि ठासून म्हणायचो: भिंतीमुळे कुठलीही इमारत ओसाड पडत नाही. माणूस आधी जातो. पाणी आटतं, पोरं परदेशी जातात, कारखान्याचा मालक धंदा गुजरातेत हलवतो. भिंत बिचारी उभीच असते. एकदा एक तरुण साहेब एका जुन्या इमारतीवर हातोडीसारखं मशीन टेकवून आकडे लिहीत होता. म्हणाला, "काका, धोकादायक आहे." मी बोटाच्या पेराने भिंत चार ठिकाणी वाजवली आणि म्हटलं, "साहेब, गच्चीचं पाणी आत येतंय तेवढं बंद करा, ही तुम्हाला पोचवून येईल." तो हसला. मी नाही हसलो.

अशी पंचवीसेक घरं मी बघितली असतील. प्रत्येकाचं रिकामं होण्याचं कारण शोधलं, आणि प्रत्येक वेळी गवंड्याला निर्दोष सोडला. आता कळतं, मी इतका का हिंडत होतो. एका इमारतीकडे जायचं नव्हतं म्हणून बाकीच्यांकडे जात होतो.

ती आमच्या मुलुंडातच होती. एका ट्रस्टचं सूतिकागृह, तळमजला, वर एक मजला, पुढे पडवी. माझ्या बापानं बांधलेलं.

बापाचं नाव धोंडू. आमच्या गावची माणसं मुंबईत जिथे जिथे आहेत, भांडुप, मुलुंड, दिंडोशी, तिथे हे नाव अजून ऐकू येतं, पण कसं ते सांगतो. एखाद्याच्या शब्दाचा भरवसा नसेल तर आमच्याकडे म्हणतात, "ती काय, धोंडूची भिंत." पोराचं लग्न मोडलं, "धोंडूची भिंत निघाली." रेल्वेनं गणपतीची गाडी रद्द केली, "धोंडूची भिंत." धोंडू कोण हे बोलणाऱ्या निम्म्यांना ठाऊकही नाही. मी समोर बसलेला असलो तर जुनी माणसं जीभ चावतात. नवी चावत नाहीत.

आणि तो माणूस कसा काम करायचा ते मी बघितलंय. वीट लावायच्या आधी तो ती पाण्याच्या टाकीत बुडवायचा, आणि टाकीशेजारी उकिडवा बसून राहायचा. वीट पाण्यात गेली की बुडबुडे सोडते, बारीक सुसू आवाज करते. तो आवाज पूर्ण थांबेपर्यंत तो वीट उचलायचा नाही. कंत्राटदार ओरडायचा. बाप म्हणायचा, "ईट तानेली ऱ्हवली तर सिमिटाचा पाणी पिता. मगे सांधो उपाशी." तहानलेली वीट सांध्याचं पाणी पिते आणि सांधा उपाशी राहतो, एवढं साधं. वैशाखात मुलुंडच्या डोंगरावरून भट्टीसारखा वारा यायचा, आम्ही सगळे सावलीला पळायचो, आणि हा टाकीवर कान लावून विटांचं ऐकत बसायचा. मला लाज वाटायची. मी अठरा वर्षांचा होतो, मला भराभर भिंत चढवणारा बाप हवा होता.

त्याचा दुसरा नियम परांचीच्या भोकांचा. भिंत उंच गेली की बांबूची परांची बांधतात, तिचे आडवे बांबू भिंतीत खोचतात. काम संपलं की वरून खाली उतरत उतरत ते बांबू काढायचे आणि भोकं बुजवायची. तोवर माणूस थकलेला असतो, घरी जायचं असतं, कोणीही विटेचे तुकडे कोंबून वर माल थापतो. बाप प्रत्येक भोकात अख्खी वीट बेतून बसवायचा. म्हणायचा, गवंडी भिंतीत दिसत नाही, भोकात दिसतो. आज कुठल्याही जुन्या भिंतीपुढे उभा राहिलो की मी आधी भोकं शोधतो, ते त्याच्यामुळे.

सूतिकागृह उभं राहिलं. बायका बाळंत होऊन जायला लागल्या. तीन वर्षांनी ट्रस्टनं पावसाआधीच्या डागडुजीला बापाला परत बोलावलं. असाच वैशाख. मागच्या भिंतीला, छज्जा जिथे विटेला टेकतो त्या फटीत, चार पानांचा पिंपळ उगवला होता. कोवळा, तांबूस. बापानं खालून बघितला आणि मला सांगितलं, "मूळ खणून काढ. चार इटा काढूक लागल्यो तरी काढ, मी परत बसवतंय. वरसून पालो तोडून उपयोग नाय."

मी शिडी चढलो. खाली आमच्या टोळीतला सदू माल कालवत होता. तो माझ्याच वयाचा, आमच्याच वाडीतला, तेव्हा बिगारी होता.

माझ्या हातात छिन्नी होती आणि डोक्यात आई. इंदूला तेव्हा दिवस होते, पाचवा सरून सहावा लागलेला, पहिलंच. ह्याच सूतिकागृहात तिचं नाव घातलेलं. आईनं मला बजावून ठेवलं होतं, घरात पोटुशी असताना पिंपळाला लोखंड लावायचं नाही, मुंजा असतो त्यात, तो बाळावर उठतो. मी आईला हसलो होतो. शिडीवर चढल्यावर मात्र हसू आलं नाही. ज्या छपराखाली माझं मूल जन्मायचं, त्याच इमारतीच्या भिंतीतल्या पिंपळावर मी छिन्नी ठेवून उभा होतो.

मी छिन्नी खिशात घातली. पानं बोटांनी खुडली. हात जोडले. मग सदूला हाक मारली, "घमेलं दे वर." त्यानं माल दिला आणि मी त्या फटीवर जाड लिंपण केलं, नीट, दाबून, वरून करणीनं घोटून. इतकं चांगलं लिंपण मी त्या वर्षात दुसरं केलं नसेल. उतरलो. बापानं विचारलं, "मूळ काढलंस?"

"काढलं."

भाद्रपदात, गणपतीत शोभा झाली. धडधाकट, मोठ्या आवाजाची. आईनं माझ्याकडे बघून मान हलवली, बघ, म्हणून. मीही मनात म्हटलं, चुकलं नाही माझं.

तीन पावसाळे भिंतीनं दम धरला. चौथ्या पावसात मागची भिंत वरपासून खालपर्यंत उकलली. कोणाला काही झालं नाही, बाया आणि बाळं भर पावसात पडवीतून बाहेर काढली, गोणपाट डोक्यावर घेऊन. सूतिकागृह दुरुस्तीपुरतं बंद केलं. मग ट्रस्टमध्ये वाद लागला, दुरुस्ती राहिली, आणि ते बंदच पडलं. त्या भागातल्या बायकांना त्यानंतर ठाण्याला नाहीतर घाटकोपरला जावं लागायचं. काहींना पोचता आलं नसेल. ते मी कधी मोजायला गेलो नाही, धीर झाला नाही.

सगळे म्हणाले, गवंड्यानं सिमेंट खाल्लं. बापानं भिंतीपुढे उभं राहून प्लास्टरवरची भेग बघितली, खूप वेळ. मग म्हणाला, "भित माझी. दोष माझो." त्याला संशय आला होता का, मला आजही सांगता येत नाही. त्यानं मला काही विचारलं नाही, आणि मी काही सांगितलं नाही. नंतर त्याला स्वतंत्र काम कोणी दिलं नाही. मरेपर्यंत तो दुसऱ्याच्या हाताखाली राबला, आणि तिथेही विटांचा आवाज थांबेपर्यंत टाकीवर बसायचा, म्हणून शिव्या खायचा.

मी काय केलं? मी एक गोष्ट तयार केली. कंत्राटदारानं वाळू जास्त घातली, सिमेंटचा तेव्हा तुटवडाच होता. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली की ती मलाही खरी वाटायला लागली. दोन वर्षांनी त्या भेगेतून पिंपळ वर आला, बघता बघता झाड झालं. लोक म्हणाले, भिंत फुटली म्हणून पिंपळ उगवला. मी मान डोलावली. आधी कोण आणि मग कोण, हे जगात मला एकट्याला माहीत होतं.

गेल्या वैशाखात सदूचा फोन आला. सदू पुढे गिरणीत लागला, गिरणी गेली, आता दिंडोशीला मुलाकडे असतो. दिवसभर बाल्कनीत बसून सगळ्या मुंबईच्या बातम्या गोळा करतो.

"यशा, ऐकलंस? तुझ्या बापाची भिंत पाडतायत. पावसाच्या आधी साफ करायचंय म्हणे. बघायला येणार काय? मी येतो."

"तुला काय करायचंय?"

"पन्नास वर्षं तुझी वाळूची टेप ऐकतोय. एकदा फोडल्यावर आत बघू तरी, वाळू होती की तुझा बाप कच्चा होता."

मला राग आला. रागात मी हो म्हटलं. बापाचा माल कच्चा नव्हता हे मला छातीठोक माहीत होतं, आणि सदूच्या तोंडावर ते सिद्ध करायची संधी मी सोडणारा नव्हतो. हट्ट माझा जन्माचा आहे. त्या हट्टात मी बाकीचं विसरलो, किंवा विसरल्यासारखं केलं.

आरेतून येणाऱ्या बसनं सदू आला. घामानं भिजलेला, हातात नातवाची टोपी. रस्त्यावर ताम्हणाला जांभळा बहर होता, खाली सडा. आम्ही दोघे काठ्या टेकत गेलो. झाड आधीच तोडून नेलेलं, बुंधा तेवढा भिंतीच्या माथ्यावर. वरचा मजला उतरवला होता. मागची भिंत अजून उभी होती. मुकादमाला मी सांगितलं, ही माझ्या बापानं बांधलीय, पाडण्याआधी एवढं प्लास्टर सोलून दाखव. त्यानं मला खालून वर बघितलं, मग माणसाला हाक मारली. गवंड्याची जात गवंड्याला ओळखते.

प्लास्टर पडलं. धूळ बसली. मी जवळ गेलो.

भिंतीची भेग दोन तऱ्हेची असते. माल कच्चा असला तर भेग सांध्यासांध्यातून उतरते, शिडीच्या पायऱ्यांसारखी. माल पक्का असला तर सांधा सुटत नाही, वीटच फुटते, आणि भेग सरळ खाली येते. हे शाळेत शिकवत नाहीत, पण कुठल्याही गवंड्याला विचारा.

भेग सरळ होती. ओळंब्यासारखी सरळ. वरपासून खालपर्यंत विटा मधोमध चिरलेल्या, आणि सांधा एकही सुटलेला नाही. मी चावीनं सांधा खरवडून बघितला. चावी वाकली.

"बघ," मी म्हटलं. "बघ, साल्या. वीट फुटलीय. माझ्या बापाचा सांधा नाही फुटला." माझा आवाज चढला होता, पाडणारी माणसं हातोडे थांबवून बघायला लागली. मला वाटत होतं, सगळ्या मुलुंडला बोलावून आणावं. परांचीच्या प्रत्येक भोकात अख्खी वीट बसलेली. मी एकेक दाखवत गेलो.

सदूनं बघितलं. तो खोटा माणूस नाही. म्हणाला, "मानलं. धोंडूकाका पक्का होता." मग त्यानं टोपीनं वारा घेतला आणि वर बघत विचारलं, "मग फुटली कशानं?"

छज्ज्याच्या जागी एक जाड ठिगळ अजून चिकटलेलं होतं. सिमेंटचं, घोटलेलं, बाकीच्या प्लास्टरपेक्षा गडद. त्याच्याखालून पिंपळाचं मूळ निघालं होतं, माझ्या मांडीएवढं, सुरुवातीला लिंपणाखाली दबून भाकरीसारखं चपटं झालेलं, आणि मग विटांमध्ये घुसून फुगलेलं. मूळ लिंपणाच्या आत होतं. म्हणजे लिंपणाच्या आधीचं होतं. हे कळायला सदूला गवंडी असण्याची गरज नव्हती.

"हे लिंपण..." तो म्हणाला. "हे घमेलं तर मी दिलं होतं."

त्या क्षणी मी वाळू म्हणू शकलो असतो. कंत्राटदार म्हणू शकलो असतो. मुकादम वाट बघत होता, अर्ध्या तासात ते सगळं मलब्यात जाणार होतं. पण समोर बापाचे सांधे होते. त्यांच्यापुढे कच्चा माल वापरता येईना.

"मी मूळ काढलंच नाही, सदू. पानं खुडली आणि वरून लिंपलं."

"का?"

"इंदूला दिवस होते. मुंज्याला भ्यालो."

सदू विटांच्या ढिगाऱ्यावर बसला. मग म्हणाला, "आयला यशा, मी तुझ्या बापाला पन्नास वर्षं शिव्या घातल्या. गावजेवणात, लग्नात, कुठे कुठे." आणि माझ्याकडे वळून, "तू बसलेला असायचास."

"असायचो."

"आता तू सांगायचं. मी नाही सांगणार कोणाला. तुझं तू."

ही त्याची मेहरबानी होती की शिक्षा, मला कळलं नाही. परत जाताना तो बसमध्ये चढला आणि खिडकीतून म्हणाला, "सांधा मात्र काय झकास होता रे."

पुढच्या रविवारी आमच्या गावच्या मंडळाची सभा होती, भांडुपच्या एका शाळेत. दरवर्षी पावसाआधी असते. आम्ही म्हातारे चौथीच्या बाकांवर गुडघे मुडपून बसतो. इंदूही आली होती, बायकांच्या बाजूला. गावच्या देवळाला नवीन कुंपणाची भिंत घालायची, त्यावर बोलणं चाललं होतं. मागच्या बाकावरून कोणीतरी तरुण म्हणाला, "चांगला गवंडी बघा, नाहीतर धोंडूची भिंत व्हायची." हशा झाला. अध्यक्ष परब गुरुजींनी माझ्याकडे बघून खाकरलं.

मी उभा राहिलो. बाकातून उभं राहायलाच वेळ लागला, तोवर हशा विरला. भाषण मला येत नाही. मी भेगेचं सांगितलं, शिडीसारखी कोणती आणि सरळ कोणती. सांध्यावर वाकलेली चावी खिशातून काढून दाखवली. मग पिंपळाचं सांगितलं, माझ्या हाताचं, माझ्या लिंपणाचं. बापानं विचारलं तेव्हा मी "काढलं" म्हणालो, तेही सांगितलं. मुंज्याचं सांगताना कोणी हसेल असं वाटलं होतं. कोणी हसलं नाही. त्या वर्गात निम्म्यांनी तरी कधीतरी पिंपळापुढे छिन्नी खिशात घातली असणार.

मागच्या बाकावरचा तो तरुण उभा राहिला. बिचारा लाजला होता. "तात्या, म्हणजे भिंत चांगली होती?"

"पोटात पिंपळ घेऊन ती पन्नासच्या वर पावसाळे उभी राहिली," मी म्हटलं. "पाडायला माणसं लावावी लागली. अशी एक भिंत तुझ्या बिल्डरला घालून दाखवायला सांग. आणि ह्यापुढे कोणाला नाव ठेवायचं असेल तर माझं ठेवा. यशाचं लिंपण म्हणा. माझं नाव आहे, मी वापरायला देतो."

गुरुजींनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. सभा देवळाच्या भिंतीकडे परत गेली. ती भिंत कशी घालायची ते शेवटी मीच सांगितलं, विटा किती वेळ पाण्यात ठेवायच्या तेही.

माझी मान खाली गेली नव्हती. उलट पन्नास-पंचावन्न वर्षांनी पहिल्यांदा मी बापाचं नाव चारचौघांत मोठ्यानं घेतलं होतं आणि कोणी जीभ चावली नव्हती. धोंडू गवंड्याचा मुलगा म्हणून मी त्या लहानशा बाकावर बसलो होतो, आणि ते बाक मला पुरत नव्हतं.

इंदू मात्र माझ्यासाठी थांबली नाही. जिना उतरताना चार पावलं पुढे, रस्ता ओलांडताना चार पावलं पुढे. बसथांब्यावर उन्हातून सावलीत आलो, तिनं पदरानं मान पुसली.

"शोभाच्या वेळचं ना हे?"

"हो."

"आणि माझ्या जिवासाठी तुम्ही मामंजींना आयुष्यभर खाली मान घालायला लावलीत."

"तुझ्या आणि पोरीच्या. आई म्हणाली होती..."

"आई म्हणाल्या असतील. मला कोणी विचारलं?" ती माझ्याकडे बघत नव्हती, बस कुठून येते तिकडे बघत होती. "मी पोटुशी होते, भित्री नव्हते. मला सांगायचंत. खाली उभी राहून शिडी धरली असती मी, आणि म्हटलं असतं, उपटा."

सहावा महिना, वैशाखाचं ऊन, आणि ही शिडी धरणार. पण ह्या बाईबरोबर मी अठ्ठावन्न वर्षं काढलीत. धरली असती.